संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी काट्याने १.६ किलो जास्त दाखवलं

हे लिहायचं बरेच महिने मनात होतं. परवा कंपनीतल्या एका मुलीने कॅन्टीनमध्ये ताट बाजूला सारलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, ताई मी पंधरा दिवस भाताला हात लावला नाही आणि आज सकाळी वजन वाढलंय, मग कशाला करायचं हे सगळं. तिला जे जेवता जेवता सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितेय, कारण जानेवारीत मी पण अगदी तिच्याच जागी बसले होते.

माझं असं झालं की डिसेंबरच्या मेडिकल चेकअपमध्ये एचबीएवनसी, म्हणजे मागच्या साधारण तीन महिन्यांच्या रक्तातल्या साखरेची टेस्ट, ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे डायबेटिस उंबरठ्याशी आलाय, ६.५ ला घरात शिरला असं धरतात. माझ्या वडिलांना डायबेटिस होता, त्यांच्या पायाची जखम आम्ही घरात वर्षभर बघितली, रोज सकाळचं ते ड्रेसिंग, तो वास, मी बारावीला होते तेव्हा, पण अजून विसरले नाही. त्यामुळे ६.१ बघितल्यावर मी काही घासाघीस केली नाही. डॉक्टर म्हणाले भात, पोळी, साखर निम्म्याच्याही खाली आणा, रोज चाला, तीन महिन्यांनी परत टेस्ट करू. आणि वजन पण उतरवा, ७८ जास्त होतंय तुमच्या उंचीला.

पाच जानेवारीला सोमवारी सुरुवात केली. सकाळी दोन अंडी नाहीतर पनीर, चहात साखर बंद, दुपारच्या डब्यात ज्वारीची एकच भाकरी आणि भाजी भरपूर, रात्री भाकरी पण नाही, नुसती भाजी, वाटीभर उसळ, ताक. आमच्याकडे भाज्यांना काय तोटा आहे सांगा, नाशिकला हिवाळ्यात मेथी, पालक, फ्लॉवर, वांगी, गिलके सगळं ताजं ताजं मिळतं, भरीत केलं की त्यावर कच्चं तेल आणि शेंगदाण्याची चटणी, मला तर भाकरीची आठवण पण नव्हती येत. रविवारी मटणाचा रस्सा, भात न घेता. एक भाकरी म्हणजे साधारण ४० ग्रॅम कार्ब (धान्यातलं पीठ-साखर, स्टार्च वगैरे) धरले तर दिवसाचे सगळे मिळून ८०-९० व्हायचे. आधी मोजलं असतं तर अडीचशेच्या वर निघाले असते, कारण सकाळचे पोहे, सहा पोळ्या, रात्रीचा भात आणि कंपनीतला दोन वेळचा गोड चहा. एवढंच, कार्ब जवळजवळ बंदच करायचं ते कडक किटो वगैरे काही नाही, मला ते जमणार पण नव्हतं.

आणि काटा काय पडला! सोमवारी ७८.४. मंगळवारी ७७.८, मग ७७.२, ७६.६, ७६.३, ७५.९ आणि रविवारी ७५.८. सहा दिवसांत दोन किलो सहाशे ग्रॅम. मी बहिणीला फोन केला, नवऱ्याला सांगितलं, शेजारच्या काकूंना सांगितलं, कपाटातला जुना निळा कुर्ता काढून इस्त्री करून ठेवला. मनात हिशोब पण मांडला की आठवड्याला अडीच किलो म्हणजे महिन्यात दहा, पाडव्यापर्यंत साठीत येऊ आपण. खरं सांगते, इतका आनंद मला कितीतरी वर्षांत झाला नव्हता.

मग संक्रांत आली. भोगीला मी भाकरीशिवाय भाजी खाल्ली, आईंना (सासूबाईंना मी आईच म्हणते) ते अजिबात आवडलं नाही, भोगीची भाजी आणि बाजरीची तीळ लावलेली भाकरी नाही म्हणजे काय भोगी, पण त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी पहाटे उठून गुळपोळ्या केल्या, तव्यावरचा तो खमंग वास सगळ्या बिल्डिंगमध्ये गेला असेल, आणि मी दोन खाल्ल्या, तूप घालून, आनंदाने. संध्याकाळी हळदीकुंकवाला तीन घरी गेले तर तिळगूळ, एका घरी मटार पॅटिस, एका घरी मसाला दूध. रात्री मुगाची खिचडी आणि पापड. बुधवारी सकाळी ७५.६ होतं. गुरुवारी सकाळी काट्यावर उभी राहिले तर ७७.२.

उतरले, परत चढले, ७७.२. बाथरूममध्ये जाऊन आले, परत ७७.२.

एका दिवसात १.६ किलो. दहा दिवस जे केलं ते एका सणाने खाल्लं असं वाटलं. मी पलंगाच्या कडेला बसून रडले. आई चहा घेऊन आल्या, बिनसाखरेचा, माझ्यासाठी वेगळा केलेला, आणि मला बघून त्यांना वाटलं त्यांच्या गुळपोळीनेच झालं सगळं, त्या इतक्या ओशाळल्या की मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. एक यंत्र काहीतरी आकडा दाखवतं आणि दोन बायका सणाच्या दुसऱ्या दिवशी गुन्हेगारासारख्या बसतात, हे बरोबर नाही असं तेव्हाच मनात आलं.

आता मी काम काय करते ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मी इथे नाशिकमध्येच अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे, गाड्यांचे शाफ्ट बनतात तिथे, सतरा वर्षं झाली. दिवसभर व्हर्निअर, मायक्रोमीटर आणि डायल गेज. आमच्याकडे नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी त्याला दोन गोष्टी सांगतो. एक, एकच जॉब, म्हणजे मशीनवर बनलेला भाग, तीनदा मोजलास तर तीन रीडिंग येतील, त्यामुळे एका रीडिंगवर माल रिजेक्ट करायचा नाही, आधी तुझं इन्स्ट्रुमेंट तपास. आणि दोन, मशीनवरून गरम उतरलेला जॉब लगेच मोजायचा नाही, गार होऊ दे, गरम लोखंड फुगलेलं असतं, डाया म्हणजे व्यास मोठा दाखवणार. हे मी किती पोरांना शिकवलं असेल, आणि घरी मात्र रोज सकाळी एक रीडिंग घेऊन स्वतःला पास नाहीतर रिजेक्ट करत होते.

त्या रविवारी मी काटा तपासायला घेतला. लेक आठवीत आहे, ती वही घेऊन बसली. गव्हाच्या पिठाची दहा किलोची न फोडलेली पिशवी काट्यावर ठेवली, हॉलमध्ये १०.१. पाच वेळा उचलून ठेवली, चारदा १०.१ आणि एकदा १०.०, म्हणजे काटा चांगला आहे. मग मी जिथे रोज वजन करायचे तिथे, बाथरूमच्या दाराशी, लादीला पाणी जायला उतार आहे तिथे ठेवला तर ९.८ आणि एकदा १०.४. उताराने काट्याचे चार पाय सारखे टेकत नाहीत, एक पाय अधांतरी राहतो. मग गादीच्या चटईवर ठेवून बघितलं, तिथे तर काहीच्या काही. तेव्हापासून काटा हॉलमध्ये खिडकीखालच्या एकाच लादीवर असतो, पेन्सिलने कोपऱ्यांना खुणा केल्यात, कोणी झाडताना सरकवला तर परत तिथेच.

मग लेक म्हणाली, मम्मी आता पाणी पिऊन बघ. अर्धा लिटर मोजून तांब्यात घेतलं, काट्यावर उभी राहिले, ७६.० होतं. तिथेच उभं राहून गटागटा प्यायले, उतरून परत चढले, ७६.५. ती हसायला लागली, म्हणाली अर्धा किलो जाड झालीस. ती हसली पण मला एकदम काहीतरी उमगल्यासारखं झालं. अर्धा किलो वाढला, खराच वाढला, काटा खोटं बोलत नाहीये, पण ते पाणी आहे, तासा-दोन तासांत जाणार आहे. काटा फक्त वजन सांगतो, कशाचं ते सांगत नाही.

त्यानंतर मी नीट वाचून काढलं आणि डॉक्टरांना पण विचारलं. तर भानगड अशी आहे. आपण जे पोळी-भात-साखर खातो त्यातली लगेच न लागलेली साखर शरीर लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये साठवून ठेवतं, त्याला ग्लायकोजेन म्हणतात, आणि हा साठा मोठ्या माणसात साधारण चारशे-पाचशे ग्रॅम असतो. पण तो कोरडा नसतो. एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर जवळपास तीन ग्रॅम पाणी धरून बसतो. आपण कार्ब कमी केले की पहिल्या काही दिवसांत शरीर हा साठा वापरायला काढतं आणि त्याला धरलेलं पाणी सुटतं. शिवाय रक्तातलं इन्सुलिन खाली आलं की किडनी मीठ जास्त बाहेर टाकायला लागते आणि मिठाच्या मागे आणखी पाणी जातं. पहिल्या आठवड्यात मी रात्री दोनदा लघवीला उठत होते ते यामुळेच, मला वाटलं शुगर वाढली की काय, जीव घाबरा झाला होता.

म्हणजे साठा निम्मा-पाऊण रिकामा झाला तरी एक-दीड किलो सहज जातो, आणि तो साठा एका सणाने परत भरला की तेवढं तसंच परत येतं, वर पापड आणि खिचडीचं मीठ आपलं वेगळं पाणी धरून ठेवतं. दोन गुळपोळ्या, खिचडी, पॅटिस, मसाला दूध, तिळगूळ. माझं १.६ कुठून आलं ते कळलं.

पटत नसेल तर हा हिशोब करून बघा, मी वहीत केलाय. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. १.६ किलो चरबी एका दिवसात चढवायची तर रोजच्या गरजेच्या वर १२,३२० कॅलरी खायला पाहिजेत. तुपासकट एका गुळपोळीच्या चारशे धरल्या तरी तीसच्या वर गुळपोळ्या. मी दोन खाल्ल्या होत्या. हे मी आईंना मोठ्याने वाचून दाखवलं, कारण ते त्यांना कळणं जास्त गरजेचं होतं.

पण हाच हिशोब उलटा पण करावा लागतो, आणि तो करताना मला खूप जड गेलं. पहिल्या आठवड्यातले २.६ किलो जर चरबी असती तर सहा दिवसांत वीस हजार कॅलरी कमी पडायला हव्या होत्या, म्हणजे दिवसाला तेहतीसशे. माझं शरीर दिवसभरात जाळतंच अठराशे-दोन हजार. म्हणजे सहा दिवस मी अन्नाचा कण घेतला नसता तरी एवढी चरबी गेली नसती. तो निळा कुर्ता, ते फोन, पाडव्यापर्यंत साठ, सगळं पाण्यावर चाललं होतं. वाढलेलं वजन पाणी आहे असं म्हणून मनाची समजूत घालणारे खूप जण भेटतात, पण मग घटलेलं पण पाणीच होतं हे मान्य करायला कोणी तयार होत नाही, मी पण नव्हते. पण एकदा ते मान्य केलं ना की काट्याची भीती निम्मी होते. कारण संक्रांतीने माझ्याकडून काही काढून घेतलंच नव्हतं. जे गेलंच नव्हतं ते परत कुठून येणार.

नाशिककरांना सांगायला सोपं आहे. पावसाळ्यात वर गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण काय विचारतो, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत लागलं. गुडघ्याला, कमरेला, छातीला. दोन दिवसांनी उतरतं. मारुती तेवढाच असतो, जागचा हलत नाही. आपली चरबी म्हणजे तो मारुती समजा आणि रोजचा काटा सांगतो ती पाण्याची पातळी. मारुती थोडा थोडा झिजवायचाय आपल्याला, ते काम महिन्यांचं आहे, ते रोजच्या पुरात दिसणार नाही.

मिठाचं एक सांगायलाच पाहिजे कारण त्यात मी चुकले. पहिल्या आठवड्यात वजन पडतंय म्हणून मी हौसेने मीठ पण कमी केलं, म्हटलं पाणी कमी साठेल. चौथ्या दिवसापासून डोकं असं ठणकायला लागलं, लाईनवर उभं राहवेना, आणि रात्री पोटरीत गोळे, झोपेतून किंचाळून उठले मी एकदा, नवऱ्याने अर्धा तास पाय दाबून दिला. शरीर आधीच मीठ बाहेर टाकतंय आणि मी वरून बंद केलं. डॉक्टरांनी नेहमीसारखं मीठ खायला सांगितलं, मग मी दिवसातून दोनदा ताकात मीठ-जिरं घालून घ्यायला लागले, दोन दिवसांत डोकं उतरलं. काटा त्या दिवशी अर्धा किलो वर गेला, जाऊ दे. मला बीपी नाही म्हणून हे चाललं, ज्यांना बीपी किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी मिठाचं आपल्या मनाने काही करू नये.

आणि शेजारच्या काकूंचं पण इथेच सांगते. माझं ऐकून त्या पण सुरू करणार होत्या, दुसऱ्या दिवसापासूनच. त्यांना शुगरची गोळी आहे आणि बीपीची पण. मी म्हटलं काकू थांबा, आधी डॉक्टरकडे जाऊ. बरं झालं गेलो, कारण कार्ब एकदम कमी केले आणि गोळी तेवढीच राहिली तर शुगर नको इतकी खाली जाऊ शकते, आणि पाणी-मीठ गेल्यावर बीपी पण उतरतं. त्यांच्या डॉक्टरांनी एक गोळी कमी केली आणि पहिले पंधरा दिवस घरी शुगर तपासून लिहायला सांगितली. गोळ्या-इन्सुलिन चालू असेल तर हे माझ्या किंवा कोणाच्याच लिखाणावरून सुरू करू नका, कळकळीने सांगते.

बाकी काटा हलायची कारणं मला वहीतूनच सापडत गेली. आठवड्याने शिफ्ट बदलते आमची, सेकंड शिफ्टला रात्री बारा वाजता जेवण होतं, मग सकाळी पोटात जास्त असतं, त्या आठवड्यात सरसकट तीनशे-चारशे ग्रॅम वर. पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस एक किलो वर, दर महिन्याला, न चुकता, आणि पाळी सुरू झाली की तिसऱ्या दिवशी गायब. पोट साफ नसेल तर अर्थातच, आणि भाकरी कमी केल्यावर सुरुवातीला ते होतंच, मी रात्री इसबगोल घेतलं आणि पाणी वाढवलं. एका रविवारी आम्ही सगळे पांडवलेणीला पायऱ्या चढून गेलो, वरून सगळं शहर दिसत होतं, छान वाटलं, दुसऱ्या दिवशी मांड्या दुखत होत्या आणि वजन आठशे ग्रॅम वर. व्यायामाची सवय नसलेले स्नायू दुखावले की भरून यायला तिथे पाणी धरून ठेवतात. ज्या दिवशी सगळ्यात जास्त मेहनत केली त्याच्या दुसऱ्याच दिवशी काटा वर. ज्याला हे माहीत नाही तो चालणंच सोडून देईल ना?

म्हणून मी आता रोज एकदाच वजन करते, सकाळी उठल्यावर, बाथरूमला जाऊन आल्यावर, पाणी प्यायच्या आधी, त्याच लादीवर, त्याच गाऊनमध्ये. आकडा वहीत लिहायचा, शेजारी एक-दोन शब्द, "सेकंड", "लग्न", "पाळी", आणि वही बंद. रविवारी सात आकड्यांची सरासरी काढायची आणि फक्त तिची मागच्या सरासरीशी तुलना. सणाचा दुसरा-तिसरा दिवस म्हणजे गरम जॉब, लिहायचा पण त्यावर निर्णय घ्यायचा नाही.

पहिल्या सहा आठवड्यांच्या माझ्या सरासऱ्या देते: ७६.९, ७६.२, ७५.८, ७५.९, ७५.१, ७४.८. तो संक्रांतीचा आठवडा बघा, दुसरा, ज्या आठवड्यात मी रडले होते, त्याची सरासरी आधीच्यापेक्षा सातशे ग्रॅमने कमीच आहे. आणि चौथ्या आठवड्यात शंभर ग्रॅम वर गेलंय, तो पाळीचा. नुसते रोजचे आकडे बघितले तर हे काहीच दिसत नाही, नुसती करवत दिसते, वर खाली वर खाली. पहिली सरासरी आणि दुसरी यातला फरक पण बराचसा पाण्याचाच आहे हे मी धरूनच चालते, खरं मोजमाप तिसऱ्या आठवड्यापासून पुढचं. तिसऱ्या ते सहाव्यात एक किलो. तीन आठवड्यांत एक किलो. पहिल्या आठवड्यातल्या त्या २.६ च्या शेजारी ठेवलं तर काहीच वाटत नाही, पण हा किलो खरा आहे, आणि त्या सहा आठवड्यांत कंबर टेपने ९४ ची ९१ झाली होती. ज्यांना सात आकड्यांचा व्याप नको त्यांनी टेप वापरावी, पंधरा दिवसांनी एकदा, बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून. आणि ज्यांना काटा बघितला की दिवसभर घालमेल होते त्यांनी काटा माळ्यावर टाकावा असं माझं स्पष्ट मत आहे, त्याच्याशिवाय पण साखर उतरते.

आता एक गोष्ट, जिच्याबद्दल मला अजून राग आहे. सुरुवातीला मी ओळखीतून एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये गेले होते, पैसे भरून. तिथे रोज सकाळी आठच्या आत काट्याचा फोटो टाकायचा. संक्रांतीनंतरचा ७७.२ चा फोटो मी प्रामाणिकपणे टाकला तर खाली ग्रुप चालवणाऱ्यांचा मेसेज, काल काय काय खाल्लं त्याची पूर्ण यादी टाका, सगळ्यांना कळू दे. ऐंशी बायकांसमोर. मी टाकली पण यादी. पण त्याहून वाईट नंतर झालं. ग्रुपमधल्या एकीने मला वेगळा मेसेज केला, ताई मी संध्याकाळी सहानंतर पाणीच पीत नाही, मग सकाळी फोटो चांगला येतो. ती लहान बाळाला पाजत होती हो. मी तिला तेव्हाच फोन लावला, पाण्याचा आणि काट्याचा सगळा हिशोब सांगितला, दोन्ही वेळ नीट जेव आणि तहान लागेल तेव्हा पाणी पी म्हणून हात जोडले, बाळ अंगावर असताना हे कार्ब कमी करायचं खूळ तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच असं पण म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी ग्रुप सोडला. बायकांना तहानलेलं ठेवून जो आकडा मिळतो त्याचं कोणाला काय करायचंय मला कळत नाही. ती अजून मला मेसेज करते, बाळ आता बसायला लागलंय.

एप्रिलमध्ये परत टेस्ट केली. एचबीएवनसी ५.७. हा आकडा साधारण तीन महिन्यांच्या साखरेचं सांगतो, एका गुळपोळीने हलत नाही, म्हणून मला त्याचा भरवसा जास्त वाटतो. उंबरठ्यावरच आहे अजून, पण बाहेरच्या बाजूला सरकलाय. रिपोर्ट घेऊन आले तेव्हा आईंनी तो देवापुढे ठेवला, मी काही बोलले नाही, मला वडिलांची आठवण आली.

मे महिन्यात दोन लग्नं, आंबे, माहेरी चार दिवस, काटा जानेवारीसारखाच नाचला. वहीत तीन वेळा दोन किलोची उडी आहे आणि तिन्ही वेळा पाच-सहा दिवसांत परत खाली. द्राक्षं मात्र यंदा मोजून खाल्ली, नाशिकमध्ये राहून हे करणं सोपं नाही, दीर घरी पेटी पाठवतात, पण शंभर ग्रॅमला १७-१८ ग्रॅम कार्ब असतात त्यात, म्हणून एक वाटी, जेवणाबरोबर. गेल्या रविवारची सरासरी ७१.३ आहे.

येत्या आठवड्यात आषाढी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, शंभर ग्रॅमला ८५ च्या वर कार्ब, हे मला आता पाठ आहे. तरी आईंच्या हातची खिचडी एक वाटी खाणार आहे, दाण्याचं कूट जास्त घालून, सोबत काकडीची कोशिंबीर आणि ताक, आणि वरीचे तांदूळ नको म्हणून सांगितलंय. त्यांनी आधी विचारलं मला, करू ना गं, तुझा काटा? लेकीने माझ्या आधीच वही उघडली आणि एकादशीच्या दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात पेन्सिलने "गरम" लिहून टाकलं.